पोटात, पायाशी, अंगावर

विमानप्रवास ठरला की तिकिटानंतरचा पहिला खल बॅगेवरून होतो. मोठी बॅग चेक-इनला द्यायची, की सगळं केबिन बॅगेत बसवून बरोबरच न्यायचं? केबिन बॅगेचा पक्ष घेणारी मंडळी फार ठाम असतात. पट्ट्यापाशी ताटकळणं नको, बॅग हरवायची धास्ती नको, उतरलं की थेट बाहेर. त्यांचं म्हणणं खोटं नाही. मीही बरीच वर्षं त्याच पक्षात होते आणि दोन-तीन रात्रींसाठी एकटीला जायचं असलं तर आजही तशीच जाते. लांबच्या प्रवासाला मात्र आता मी मोठी बॅग काउंटरवर देऊन टाकते आणि पुढच्या सीटखाली सरकेल एवढीच सॅक घेऊन चढते. डोक्यावरच्या कप्प्याकडे मी बघतही नाही. याला कारणं बरीच आहेत. त्यातलं सर्वांत मोठं कारण २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जे घडलं त्यात आहे. त्याकडे येईनच.

आधी काउंटरवर दिलेल्या बॅगेबद्दल, कारण धास्ती तिचीच असते. बॅगेच्या मुठीला जी लांब पट्टी गुंडाळतात तिच्यावर दहा आकडी क्रमांक असतो, जायच्या विमानतळाची तीन अक्षरं असतात आणि बारकोड उभा-आडवा असा दोन्ही तऱ्हांनी छापलेला असतो. बॅग पट्ट्यावर कशीही पडली तरी स्कॅनरला तो वाचता यावा म्हणून ही तरतूद. रबरी पडद्याआड ती दिसेनाशी झाली की आपल्याला वाटतं, आता सगळं देवाच्या हवाली. पण आत तिची तपासणी होते, कुठल्या विमानाची ते बघून तिला वेगळं काढलं जातं आणि प्रत्येक टप्प्यावर तिची हजेरी लागते. ‘आयाटा’ या विमानकंपन्यांच्या जागतिक संघटनेचा ७५३ क्रमांकाचा ठराव जून २०१८ पासून लागू आहे. प्रवाशाकडून बॅग घेताना, ती विमानात चढवताना, एका विमानाकडून दुसऱ्याकडे सोपवताना आणि प्रवाशाला परत देताना, अशी चार ठिकाणी तिची नोंद ठेवावी, असं तो सांगतो.

एवढी यंत्रं असूनही शेवटचे काही मीटर माणसाच्या हातांचेच असतात. रुंद विमानांत बॅगा आधी धातूच्या कंटेनरमध्ये भरतात आणि अख्खा कंटेनर आत सरकवतात. बोइंग ७३७ सारख्या अरुंद विमानात त्या सुट्याच रचाव्या लागतात. विमानाच्या पोटातली ती जागा इतकी बुटकी असते की माणसाला ताठ उभं राहता येत नाही. आतला कामगार गुडघ्यांवर बसून एकेक बॅग ओढून घेतो आणि मागच्या भिंतीपासून दारापर्यंत थर लावत येतो. एक विमान भरून होईतो दुसरं रिकामं करायची वेळ आलेली असते. एका बॅगेचं वजन ३२ किलोच्या वर जाऊ देत नाहीत ते या माणसाच्या पाठीसाठी. जादा पैसे भरायची तयारी दाखवली तरी काउंटरवर सहसा सामान दोन बॅगांत विभागायला लावतात. हे मला कळलं तेव्हापासून तिकिटावर २३ किलोची मुभा असली तरी मी बॅग वीसच्या आत ठेवते. जो माणूस मला कधी दिसणार नाही, त्याच्यासाठी माझ्याकडून होण्यासारखं एवढंच आहे.

बॅग आणि तिचा मालक एकाच विमानात असले पाहिजेत, या नियमामागे तर माणसांचे जीव गेले आहेत. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचं ‘कनिष्क’ अटलांटिकवर स्फोटाने फुटलं आणि ३२९ जण गेले. बॉम्ब असलेली बॅग चेक-इन करणारा माणूस विमानात चढलाच नव्हता. २१ डिसेंबर १९८८ रोजी स्कॉटलंडमधल्या लॉकरबीवर पॅन ॲमचं विमान कोसळलं, तेही सामानातल्या बॉम्बने. विमानातले आणि जमिनीवरचे मिळून २७० मृत्यू. आज चेक-इन करून गेटवर न पोचलेल्या प्रवाशाची बॅग पोटातून शोधून खाली उतरवतात आणि बाकी सगळे खोळंबतात. शेजारीपाजारी चिडचिड सुरू झाली की मी हे शक्य तितक्या हळू आवाजात सांगते. बहुतेक जण ऐकून घेतात.

आता हरवण्याचं. ‘सिटा’ ही संस्था विमानवाहतुकीला माहिती-तंत्रज्ञान पुरवते आणि बॅगांचा वार्षिक हिशेब मांडते. २००७ साली दर हजार प्रवाशांमागे जवळजवळ १९ बॅगांचा घोळ होत असे. २०२४ साली हा आकडा ६.३ वर आला होता. या घोळात उशिरा आलेल्या, मोडलेल्या, चोरीला गेलेल्या आणि हरवलेल्या अशा सगळ्या बॅगा धरलेल्या असतात, आणि बहुतेक बॅगा नुसत्या उशिरा आलेल्याच असतात. घोळाचं सर्वांत मोठं कारण म्हणजे मधल्या विमानतळावर एका विमानातून दुसऱ्यात होणारी बदली. तेव्हा थेट विमान असेल तर चेक-इनला घाबरू नये, असं मी सगळ्यांना सांगते. मध्ये विमान बदलायचं असेल आणि हातात तासभरच असेल, तर मीही विचारात पडते. आपण धावत सुटतो. बॅगेला धावता येत नाही. अशा वेळी तिकीट काढतानाच मधला वेळ वाढवून घेणं हा खरा उपाय आहे. बॅगेचा आकार कमी करून त्या तासाचे दोन होत नाहीत.

ज्या थोड्या बॅगा खरंच कायमच्या हरवतात, त्यांतल्या अनेकींची पट्टी गळून पडलेली असते आणि आत मालकाचा काहीच पत्ता नसतो. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या स्कॉट्सबरो गावात ‘अनक्लेम्ड बॅगेज’ नावाचं दुकान १९७० पासून आहे. विमानकंपन्यांनी शोधाशोध करूनही मालक न सापडलेल्या बॅगा ते विकत घेतात आणि आतल्या वस्तू विकायला मांडतात. कुणाचा कॅमेरा, कुणाचा लग्नातला पोशाख. मला त्या दुकानात कधीही पाऊल ठेवावंसं वाटणार नाही. आपलं नाव, फोन नंबर आणि जिथे उतरणार तिथला पत्ता लिहिलेला कागद बॅगेच्या आत, उघडल्याबरोबर दिसेल असा ठेवला आणि जुन्या प्रवासांच्या पट्ट्या, बारके स्टिकरसुद्धा काढून टाकले, तर आपली बॅग तिथवर पोचायची शक्यता फार कमी होते. निघण्याआधी बॅगेचा फोटो काढावा, बाहेरून आणि उघडी ठेवूनही. तक्रारीच्या खिडकीपाशी ‘काळी, मध्यम आकाराची’ एवढंच सांगणारे प्रवासी बघितले की जीव तुटतो. पट्ट्यावर फिरणाऱ्या निम्म्या बॅगा काळ्या आणि मध्यम आकाराच्याच असतात.

बॅग आली नाही तर विमानतळ सोडायच्या आत लेखी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. आंतरराष्ट्रीय प्रवासाला १९९९ चा मॉन्ट्रियल करार लागू होतो. बॅग मोडलेली मिळाली तर सात दिवसांत, उशिरा मिळाली तर हातात आल्यापासून २१ दिवसांत लेखी कळवावं लागतं. २१ दिवस उलटूनही आली नाही तर ती हरवली असं धरून भरपाई मागता येते. भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून दर प्रवाशामागे १,५१९ एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. या करारातली एक गोष्ट केबिन बॅगवाल्यांच्या सहसा लक्षात येत नाही. चेक-इन बॅग कंपनीच्या ताब्यात असताना खराब झाली की जबाबदारी मुळात कंपनीची. हातातल्या बॅगेची मात्र कंपनीची स्वतःची चूक असेल तरच. डोक्यावरच्या कप्प्यातून दुसऱ्याने आपली बॅग ओढून नेली, तर निस्तरायचं आपल्यालाच.

हा कप्पा इतका तुडुंब भरायला लागला तो कसा, हेही बघण्यासारखं आहे. सामान वाहणं सोपं झालं ते चाकांमुळे. बर्नार्ड सॅडो यांना चाकांच्या सूटकेसचं पेटंट १९७२ साली मिळालं. ती आडवी, पट्ट्याने ओढायची होती. उभी, दोन चाकांची आणि आत सरकणाऱ्या दांड्याची बॅग १९८७ साली रॉबर्ट प्लाथ यांनी बनवली. ते स्वतः वैमानिक होते आणि बॅग बनवली होती वैमानिक-कर्मचाऱ्यांसाठी. तिला बघून प्रवाशांनाही ती हवीशी झाली. मग २००६ च्या सुमारास युरोपातल्या स्वस्त विमानकंपन्यांनी चेक-इन बॅगेचे वेगळे पैसे घ्यायला सुरुवात केली. २००८ साली इंधन भडकलं आणि अमेरिकन एअरलाइन्सने पहिल्याच बॅगेवर शुल्क लावलं. बाकीच्यांनी तोच कित्ता गिरवला. लोकांनी अर्थातच सामान पोटातून काढून डोक्यावर चढवलं. विमान बनवणाऱ्यांनी कप्पे मोठे केले. बोइंगच्या जुन्या कप्प्यात जिथे चार बॅगा मावत तिथे नव्यात सहा उभ्या राहतात. तेही भरले. केबिन बॅगेचं एकच माप जगभर असावं म्हणून ‘आयाटा’ने २०१५ साली ५५ × ३५ × २० सेंटिमीटर असं माप सुचवलं, तर प्रवाशांची इतकी नाराजी झाली की ते बाजूला ठेवावं लागलं. त्यामुळे एका कंपनीच्या चौकटीत बसलेली बॅग पुढच्या कंपनीच्या चौकटीत अडकते.

आणि शेवटच्या रांगांतल्या प्रवाशांना गेटवर सांगतात की आता वर जागा नाही, बॅग द्या, खाली टाकतो. सगळ्यांत वाईट गत त्या बॅगेची होते. चेक-इनला द्यायची म्हणून भरलेल्या बॅगेत आपण विचार करून वस्तू घालतो. गेटवर हिसकावल्यासारखी जी जाते तिच्यात औषधं असतात, लॅपटॉप असतो, घराच्या किल्ल्या असतात, बाळाचे कपडे असतात आणि पॉवर बँकही असते. ती तर खाली जाऊच शकत नाही. मागे रांग खोळंबलेली, माणूस जमिनीवर बसून बॅग उपसतोय आणि काय काढू, काय राहू देऊ हे त्याला सुचत नाहीये, हे दृश्य मला बघवत नाही. केबिन बॅग न्यायचीच असेल तर आत एक छोटी पिशवी तयार ठेवावी, एका हाताने उचलून बाहेर काढता येईल अशी. फार फरक पडतो.

पॉवर बँकेच्या नियमाबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण तो पहिल्यांदा ऐकला की उफराटा वाटतो. जी वस्तू पेट घेऊ शकते ती पोटात नको आणि माणसांत चालेल? लिथियमची बॅटरी आतून तापायला लागली की तिची एक पेशी दुसरीला पेटवत जाते. पोटात आग विझवायला हॅलॉन वायू असतो. त्याने ज्वाळा दबतात, पण बॅटरीच्या आत चाललेली ही साखळी थांबतेच असं नाही. आणि तिथे बघायला कुणी नसतं. केबिनमध्ये धूर लगेच दिसतो, वास येतो, कर्मचारी आग विझवून वर पाणी ओतत ती वस्तू थंड करू शकतात. म्हणून सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँका हातातल्या सामानातच हव्यात. १०० वॉट-तासांपर्यंतच्या चालतात, १०० ते १६० च्या असतील तर कंपनीची परवानगी लागते. व्होल्टने अँपिअर-तासांना गुणलं की वॉट-तास निघतात: ३.७ व्होल्टची २०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे ७४. हे ध्यानात आलं की डोक्यावरचा कप्पाही पॉवर बँकेसाठी योग्य जागा वाटत नाही. बंद दाराआड, दहा बॅगांखाली ती तापायला लागली तर धूर दिसायला उशीर होणारच. ती डोळ्यांसमोर हवी.

डोक्यावरचा कप्पा आपल्या हाताशी असतो, हा समज माझ्यापुरता आईने केव्हाच मोडून काढला होता. प्रवासात तिची औषधांची पिशवी मांडीवर किंवा पायाशी असे. “दे, वर ठेवते, लागली की काढून देईन,” मी म्हणायचे. त्यावर ती म्हणे, “आणि तू झोपलीस तर?” ते अगदी खरं होतं. पट्टा बांधायचा दिवा लागलेला असतो, शेजारचे दोघं झोपलेले असतात, मध्ये खाण्याची गाडी उभी असते, आणि आपली बॅग तीन रांगा मागच्या कप्प्यात, दुसऱ्या कुणाच्या बॅगेखाली असते. दम्याचा पंप, साखर खाली गेली तर लागणारी गोळी, चष्मा, कानातलं यंत्र, यांतलं काही लागलं तर ते त्या क्षणी लागतं. तिच्याबरोबर प्रवास करताकरता माझी सॅक पायाशी येऊन थांबली.

आणि मग हानेदा. साप्पोरोहून आलेलं जपान एअरलाइन्सचं एअरबस ए-३५० विमान धावपट्टीवर उतरता उतरता तटरक्षक दलाच्या विमानावर आदळलं. त्या छोट्या विमानातल्या सहा जणांपैकी पाच जण गेले. एअरबसला आग लागली. आत ३७९ माणसं होती. घोषणेची यंत्रणा बंद पडली, तेव्हा कर्मचाऱ्यांनी कर्ण्यातून आणि मोठमोठ्याने ओरडून सूचना दिल्या. आठपैकी तीनच दारं वापरण्याजोगी होती. बॅगा घेऊ नका, असं सांगितलं गेलं आणि लोकांनी त्या घेतल्या नाहीत. सगळ्यांत शेवटी कॅप्टन बाहेर पडला. ३७९ पैकी सगळे वाचले. मग विमान जळून पार कोसळलं. (पोटात ठेवलेले दोन पाळीव प्राणी वाचले नाहीत. त्यांच्या माणसांचं दुःख या गोष्टीत कुणाच्या लेखी फारसं आलं नाही, म्हणून इथे नोंदवते.)

हानेदाची चित्रफीत मी पाहिली तेव्हा मला २०१६ च्या ऑगस्टमधली दुबईची दृश्यं आठवली. तिथेही विमान पेटलं होतं, तिथेही आतले सगळे ३०० जण वाचले, आग विझवणारा एक जवान मात्र गेला. आतल्या चित्रफितीत माणसं कप्पे उघडून बॅगा काढताना दिसतात आणि मागून कर्मचारी ओरडताना ऐकू येतात. त्या माणसांना मी नावं ठेवणार नाही. कप्प्यात त्यांची कागदपत्रं असतील, कुणाची औषधं, कुणाची वर्षभराची कमाई. धुरात उभं राहून हे सोडून देणं सोपं नसणार. पण नवं मोठं विमान मंजूर होण्याआधी निम्म्याच दारांतून सगळे ९० सेकंदांत बाहेर पडतात हे दाखवावं लागतं, आणि त्या चाचणीत कुणी वरचा कप्पा उघडत थांबत नाही. चाकांची बॅग उचलून घसरगुंडीवर उडी मारणाऱ्याच्या हातून ती घसरगुंडी फाटू शकते, पुढच्याचा पाय मोडू शकतो, आणि मागे रांगेत लहान मुलं असतात.

सोडून देणं सोपं व्हावं, याची तयारी घरी बॅग भरतानाच करता येते, हे मला हानेदावरून सुचलं. तोवर मी सामानाला दोनच जागा धरत होते, पोट आणि केबिन. आता तीन धरते आणि भरायला सुरुवात तिसरीपासून करते. अंगावर काय? पासपोर्ट, फोन, एक कार्ड, थोडे पैसे, दोन दिवसांच्या गोळ्या आणि महत्त्वाचे नंबर लिहिलेला कागद. कंबरेच्या पाऊचमध्ये हे सगळं मावतं, आणि टेकऑफ-लँडिंगच्या वेळी तो बांधलेला असतो, बूट पायात असतात. पायाशी सॅक: उरलेली औषधं, लॅपटॉप, पॉवर बँक, एक जोड कपडे, स्वेटर, आणि ज्यांची किंमत पैशात होत नाही अशी एखादी वस्तू. तशी वस्तू नेणं मी शक्यतो टाळते. माझ्या वडिलांच्या हस्ताक्षरातली एक वही आहे. तिचं पानन् पान स्कॅन करून घेतलं आणि मूळ वही आता प्रवासाला नेत नाही. पोटात बाकीचं सगळं. दोन दिवस उशिरा आलं तरी अडणार नाही आणि आलंच नाही तर विकत घेता येईल असं.

अशी विभागणी केली की सॅक पायाशी टाकून उठणं मला जमेल, असं वाटतं. प्रसंग आल्याशिवाय खात्री देता येणार नाही.

टेकऑफ आणि लँडिंगच्या वेळी डोक्यावरचे कप्पे दुरून कुलूपबंद करता यावेत, अशी कल्पना विमान-सुरक्षेच्या अभ्यासकांनी मांडली आहे. तिच्याविरुद्धचा मुद्दाही वजनदार आहे: कप्पा उघडत नाही हे कळल्यावर माणसं हिसके देत उभी राहतील आणि वाट जास्तच अडेल. मला कुलपाची कल्पना पटत नाही. ज्या शुल्कामुळे सामान डोक्यावर चढलं, ते आधी काढायला हवं. एक चेक-इन बॅग पुन्हा प्रत्येक तिकिटात धरावी, केबिनमध्ये सीटखाली मावेल एवढीच सॅक न्यायची मुभा असावी आणि वरचे कप्पे कोट, वाद्यं, बाळाचं सामान आणि ज्यांना चालायला साधन लागतं त्यांच्यासाठी ठेवावेत. तिकीट थोडं महाग होईल. मी ते आनंदाने भरेन.